समुद्र आणि क्रोशाची सुई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत माझ्या घरी क्रोशाचे वर्ग भरतात. रुमाल, तोरण, बाळाचं टोपडं शिकून झालं की बहुतेकींना एकदा तरी समुद्र विणायचा असतो. मग प्रश्न सुरू होतात, आणि ते फिरून फिरून तेच असतात. दर नव्या तुकडीला तोंडी सांगताना काही ना काही निसटतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढलं आहे.

समुद्र विणायला सुरुवात कुठून करायची?

लोकरीच्या दुकानातून नको. माझी पहिली चूक तीच होती. निळ्याच्या चार छटा आणल्या, नागमोडी पट्टे विणले, शेवटी पांढऱ्या दोऱ्याची फेसासारखी झालर लावली. दीड महिना गेला. भिंतीवर लावलं तेव्हा घरातल्या सगळ्यांनी छान म्हटलं, पण माझ्या घरापासून दहा मिनिटांवर जो समुद्र आहे त्याच्याशी ते कुठेच जुळेना. मी चित्रातला समुद्र विणला होता.

आता मी असं सांगते: आधी आठ-दहा वेळा ओहोटीला जा, सुई-दोरा घरी ठेवून. खडकात पाणी साचलेल्या एका डबक्यापाशी उकिडवं बसा आणि अर्धा तास उठू नका. क्षितिजाकडे नाही, पायापाशी पाहा. ज्या गोष्टीवर नजर ठरेल तिच्याबद्दल एकच विचारायचं: ही वाढली कशी? कडेकडेने पसरत गेली, मधून फुटली, की थरावर थर चढले? दिसते कशी हे फोटोत मिळतं. वाढली कशी हे कळलं की टाका सापडतो, कारण क्रोशाचं कामही कडेलाच वाढतं. एक ओळ झाली की तिच्या काठावर दुसरी. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीपाशी येणार आहेत.

ओहोटीची वेळ कशी काढायची?

मोबाइलवर तक्ते मिळतात, ते बघाच. पण कोकणातला जुना हिशेब तिथीचा आहे आणि तो तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती आणि सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला ओहोटी. थोडंफार मागेपुढे होतं.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी सगळ्यात लांब जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीला भांग, तेव्हा फारसं काही उघडत नाही. मला द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळी सोयीच्या वाटतात. उजेडही असतो आणि ऊन चढलेलं नसतं. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी खाली उतरा, पाणी फिरलं की वर या. पावसाळ्यात खडकांवर जाऊच नका. कुणी सोबत असलं तरी नको.

तिथे नेमकं काय पाहायचं? मला तर नुसती शेवाळं आणि चिखल दिसतो.

पहिल्या दिवशी सगळ्यांना तेवढंच दिसतं. मला स्वतःला ज्या गोष्टींनी काम दिलं त्या सांगते.

वाळूवर मुगाएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते ना, मधल्या बिळापासून बाहेर रेघा गेल्यासारखी? ती इवल्याशा खेकड्यांची कामगिरी आहे. खेकडा वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं खाण्याजोगं गाळून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. बिळापासून निघतो, एक रेघ चरतो, परत येतो, शेजारची रेघ धरतो. ओहोटीच्या चार-पाच तासांत अख्खा किनारा असा भरतकाम केल्यासारखा होतो आणि भरती आली की पुसला जातो. मी हे खादीवर गाठीच्या टाक्यांनी केलं होतं. गोळ्या सारख्या आकाराच्या ठेवल्या तेव्हा छापील कापड वाटलं. खेकड्याच्या गोळ्या बिळाजवळ दाट आणि बाहेर विरळ होतात हे पुन्हा जाऊन पाहिलं, तेव्हा कुठे जमलं.

खडकांवर पॅडिना नावाचं शेवाळ असतं. छोट्या पंख्यासारखं, फिकट तपकिरी, आणि त्यावर एकाआड एक गडद-फिक्या कमानी. त्याची कड आतल्या बाजूला वळलेली असते आणि वाढ त्या कडेलाच होते. म्हणजे ती प्रत्येक कमान त्या पंख्याची एकेकाळची कड होती. क्रोशाने अर्धा गोल विणणारीला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही: दर दोन ओळींनी छटा बदला आणि शेवटची ओळ किंचित घट्ट विणा, म्हणजे कड आपोआप आत वळते.

मग हिरव्या गालिच्यासारखे झोअँथिड, म्हणजे प्रवाळाच्या नात्यातले, दाटीने राहणारे छोटे जीव. पाण्याखाली असताना प्रत्येक जीव बटणासारखा उघडलेला, भोवती बारीक पाकळ्या. पाणी ओसरलं की मिटून मऊ फोडांसारखे. एकच वसाहत उघडी आणि मिटलेली अशी दोन्ही विणून शेजारी ठेवा, माझ्या वर्गातला हा सगळ्यात आवडता धडा आहे.

आणि एकदा रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या बाजूला एका खडकाच्या पोटाशी मला बोटभर रुंदीची, फिकट पिवळी, चुणीदार फीत दिसली. चक्राकार गुंडाळलेली, आतली कड खडकाला चिकटलेली आणि बाहेरची कड पाण्यात हलत होती. कुणाच्या परकराची झालर तुटून पडली असावी असं वाटलं. ती समुद्री गोगलगायीची अंडी होती. हजारो बारीक ठिपके त्या फितीत ओळीने बसलेले. त्या दिवशी मी घरी येऊन पहिल्यांदा मुद्दाम टाके बेसुमार वाढवले.

टाके वाढवले की झालर का पडते?

इथे जरा थांबावं लागेल, कारण समुद्रातले निम्मे आकार याच्यात आहेत.

गोल रुमाल मुक्या खांबाने, म्हणजे आपल्या सगळ्यात बुटक्या खांबाने विणताना दर फेरीत सहा टाके वाढवायचे हे तुम्हाला माहीत आहे. पहिल्या फेरीत ६, मग १२, मग १८. आठव्या फेरीत ४८ टाके होतात आणि रुमाल टेबलावर सपाट बसतो. कमी वाढवले तर वाटी होते. आता उलट करा. प्रत्येक टाक्यात दोन टाके घाला: ६, १२, २४, ४८, ९६, १९२, ३८४, आणि आठव्या फेरीत ७६८. मध्यापासून अंतर तेवढंच, पण टाके सोळापट. एवढ्या टाक्यांना सपाट बसायला जागाच नाही. मग ते वर-खाली दुमडतात, आणि झालर पडते.

गणितात अशा पृष्ठभागाला हायपरबोलिक म्हणतात. एकोणिसाव्या शतकात बोल्याई आणि लोबाचेव्हस्की या गणितज्ञांनी ही भूमिती मांडली, पण ती हातात धरता येत नव्हती. विद्यार्थ्यांसाठी कागदाच्या पट्ट्या चिकटवून नमुने करत, ते फाटत. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दायना तायमिन्या या मूळच्या लाटव्हियाच्या गणितज्ञ बाईंनी तो क्रोशाने विणला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, बस. विणलेला नमुना दुमडता येतो, त्याच्यावर धाग्याने रेषा टाकता येतात, आणि एका बिंदूतून एका रेषेला अनेक समांतर रेषा कशा जातात ते बोटाने दाखवता येतं. आपल्या आज्या ज्याला ‘काम बिघडलं, चुण्या पडल्या’ म्हणून उसवत असत, ते हेच होतं.

समुद्रात हे इतकं का दिसतं, तर थोड्या जागेत जास्तीत जास्त पृष्ठभाग मिळतो म्हणून. प्रवाळाला, शेवाळाला अन्न आणि उजेड पृष्ठभागावरूनच घ्यायचा असतो. खडकावर जागा वीतभर, पण काठ हातभर लांब.

कृती सांगा ना.

सुती दोरा घ्या, जरा जाड. २० साखळ्या घाला. परतीला मुके खांब विणत जा, दर तीन टाक्यांनंतर एक टाका वाढवा. हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही. दहा ओळींत २० चे साधारण साडेतीनशे टाके होतात, तेव्हा पहिल्या तीन-चार ओळींत काहीच घडत नाही म्हणून घाबरू नका आणि शेवटच्या ओळीला संध्याकाळ लागली म्हणूनही नाही. चुण्या फार दाट वाटल्या तर पुढच्या वेळी दर पाच टाक्यांनंतर वाढवा. सैल, मोठ्या लाटा पडतील. घट्ट विणा. सैल हाताने विणलेली झालर लोळते, उभी राहत नाही.

आणि एक नमुना पूर्ण झाला की दुसऱ्यात नियम मुद्दाम मोडा: एका बाजूला दर दोन टाक्यांनंतर वाढवा, दुसऱ्या बाजूला दर सहा. खडकाला चिकटून वाढणारा जीव सहसा चारी बाजूंनी सारखा वाढत नाही. ज्या बाजूने प्रवाह येतो तिकडे वेगळा, आडोशाला वेगळा.

क्रोशाने प्रवाळ विणायची कल्पना कुणाची?

मार्गारेट आणि क्रिस्टीन वेर्थाइम या जुळ्या बहिणींची. एक विज्ञानलेखिका, दुसरी कला शिकवणारी. दोघी वाढल्या ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये, म्हणजे ग्रेट बॅरियर रीफच्या प्रांतात. २००५ साली लॉस एंजेलिसमधल्या घरी त्यांनी तायमिन्या बाईंची रीत घेऊन प्रवाळ विणायला सुरुवात केली. समुद्र तापतो आहे आणि तिकडचे प्रवाळ पांढरे पडताहेत, हे मनात होतं. नियम मोडत, बदलत गेल्यावर नवेनवे आकार निघाले. मग गावोगावच्या बायकांनी आपापली प्रवाळभिंत विणली, हजारो हात लागले, आणि २०१९ मध्ये हे काम व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मोठ्या कलाप्रदर्शनात, मांडलं गेलं.

मला त्यातला एक भाग फार जवळचा वाटतो: पांढऱ्या-फिक्या दोऱ्यांचं, रंग गेलेल्या प्रवाळाचं काम. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला अन्न देतं, रंगही देतं. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. आपल्याकडे घराघरांत पांढऱ्या दोऱ्याचं क्रोशाकाम आहे. टीपॉयवर, टीव्हीवर, देव्हाऱ्यात. तो पांढरा रंग या कामात पाहिला आणि माझा हात थोडा वेळ थांबला.

आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत का?

आहेत. हा प्रश्न कोकणातल्या मुलीही विचारतात याचं वाईट वाटतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आहेत; तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभर-एक किलोमीटरवर भर समुद्रात पाण्याखाली एक पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ते आंग्रिया बँक म्हणून ओळखलं जातं, आणि त्यावर मोठी प्रवाळभिंत आहे. इतकंच काय, मुंबईत हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरही प्रवाळ आहेत. किनारी रस्त्याच्या कामाच्या वेळी २०२० मध्ये तिथल्या काही वसाहती उचलून दुसरीकडे बसवल्या. मुंबईत राहणाऱ्यांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या किनारा-फेऱ्यांना जरूर जावं. २०१७ पासून ही मंडळी लोकांना ओहोटीला नेऊन डबकी दाखवतात. रत्नागिरीत आलात तर झाडगावचं मत्स्यालय पाहा.

रंग कोणते घेऊ? निळा तर हवाच ना?

हवा असेल तर घ्या, पण आधी आपल्या समुद्राला विचारून घ्या. रत्नागिरीत एका बाजूला मांडवीला आम्ही काळा समुद्र म्हणतो आणि दुसऱ्या बाजूच्याला पांढरा समुद्र. हे वाळूवरून पडलेलं नाव. काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोह-टायटॅनियमचं खनिज असतं, जड असल्यामुळे लाट परतताना ते मागे राहतं आणि फिक्या वाळूवर शिसपेन्सिलीने रेघा ओढाव्यात तशा काळ्या रेघा उमटतात. पावसाळ्यात पाणी दुधाच्या चहासारखं. हिवाळ्यात सकाळी हिरवट, दुपारी चकाकणारं, सूर्य बुडाल्यावर दहा मिनिटं शिशाच्या रंगाचं.

मी पुठ्ठ्याची पट्टी घेऊन जाते, वर्षभरातल्या उरलेल्या दोऱ्यांच्या तुकड्यांसकट. जे दिसतंय त्याच्याशी जुळेल तो दोरा पट्टीवर गुंडाळायचा, जितका रंग दिसतो तितकेच वेढे. घरी आल्यावर ती पट्टी म्हणजेच तुमचं रंगांचं प्रमाण. माझ्या गेल्या वर्षीच्या बारा पट्ट्यांत खरा निळा फक्त दोनदा आला.

मी नागपूरला राहते. समुद्र वर्षातून एकदा, तोही दोन दिवस. मी काय करू?

मासळीबाजारात जा. हे मी मनापासून सांगते आहे. बांगड्याच्या पाठीवर हिरव्या-निळ्यावर लांबीने जाणाऱ्या गडद रेघा असतात, पोटाकडे त्या थांबतात आणि चांदी सुरू होते. त्या रेघा दोन बांगड्यांवर एकसारख्या नसतात. मांदेलीचा सोनेरी, पापलेटचा चंदेरी, ताज्या बोंबलाचा आरपार दिसणारा गुलाबी. हे रंग कुठल्या दुकानात मिळणार?

तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, मिळाल्या तर खाऊन झाल्यावर शिंपा फेकू नका. स्वच्छ घासून, वाळवून टेबलावर मांडा. शिंपल्यातला जीव नवा थर फक्त कडेला घालतो आणि रंगही तिथेच भरतो. म्हणजे शिंपेवरची नक्षी एकदम छापलेली नसते, ती ओळीओळीने आलेली असते. मागावरच्या कापडाची नक्षी जशी एकेका आडव्या धाग्याने पुढे सरकते, तशीच. एखादी शिंप घ्या, बिजागरीपासून कडेपर्यंत भिंगातून बघत जा आणि आलेखाच्या वहीत एकेक ओळ उतरवा: इथे ठिपका सुरू झाला, इथे दोन झाले, इथे मिळाले. हाच तुमचा विणायचा तक्ता. माझ्या एका विद्यार्थिनीने सोलापुरात बसून एकाच शिंपेवरून गळपट्टा विणला आणि तो पाहून इथल्या मच्छीवालीने विचारलं, ही तिसरी का गं?

किनाऱ्यावरचे शंख, प्रवाळाचे तुकडे उचलून कामात शिवले तर?

प्रवाळ नाही, समुद्रपंखा नाही. मेलेला, वाळलेला, वाहून आलेला असला तरी नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. काही शंखांनाही असंच संरक्षण आहे. वास्तूसाठी ‘इंद्रजाल’ म्हणून चौकटीत घालून जे झुडूप विकतात ना, ते कुठल्या वनस्पतीचं मूळ नाही, ते प्रवाळच आहे. विकत घेऊ नका आणि कुणी भेट दिलं तर देणाऱ्यालाही सांगा.

साधे रिकामे शंखसुद्धा मी तिथेच ठेवते. आत खेकडा बसलेला असतो, नसला तर बसणार असतो. फोटो काढा, चिमटीच्या मापाने आकार टिपून घ्या. विणायचं आपल्याला आहे ना, मग शंख कशाला हवा?

जाळ्यांचे तुकडे वापरता येतील?

ते मात्र हवे तेवढे उचला. पण जाळ्याकडे कच्चा माल म्हणून बघण्याआधी विणकाम म्हणून बघा.

खाडीकाठी एक काका पाग विणताना दिसले होते. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं. हातात बांबूची चपटी सुई, तिच्यावर नायलॉनचा दोरा भरलेला, आणि डोळ्यांचं, म्हणजे जाळ्यातल्या भोकांचं, माप सारखं राहावं म्हणून बांबूचीच एक पट्टी. पट्टीवरून दोरा, वरच्या डोळ्यातून सुई, बोटाने दाबून गाठ. मी बराच वेळ पाहत राहिले, मग लक्षात आलं की मधूनच ते एका डोळ्यात दोनदा सुई घालताहेत. ‘काका, इथे वाढवलंत?’ म्हणून विचारलं तर म्हणाले, वाढवलं नाही तर पडताना उघडणार कसं? वरच्या टोकाला मोजके डोळे, आणि फेरीफेरीने ठरलेल्या अंतरावर वाढ. कमी झाली तर पाग पिशवीसारखा पडतो, जास्त झाली तर काठ गोळा होतो. आमचा रुमालाचा हिशेब तो हाच. त्यांना मी पिशवीतला अर्धवट रुमाल काढून दाखवला, त्यांनी उलटासुलटा करून पाहिला आणि माझी एक चुकलेली वाढ बरोबर दाखवून दिली.

मुंबई-रायगडकडचं डोल जाळंही बघण्यासारखं आहे: प्रवाहात खुंटांना बांधलेलं लांबलचक पिशवीसारखं, तोंडाशी हात जाईल एवढे डोळे आणि शेवटाला जवळाही सुटणार नाही इतके बारीक. एकाच विणीत मोठ्यापासून बारकाईपर्यंतचा तो उतार लोकरीत आणून पाहा.

वाहून आलेलं जाळं मात्र समुद्रात राहिलं तर मारत राहतं, कासवं त्यात अडकतात. ऑस्ट्रेलियाच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या एरुब बेटावरचे कलाकार अशाच जाळ्यांतून कासवं, मासे, शार्क घडवतात. त्यांचं काम जगभरच्या संग्रहालयांत गेलं आहे. उचलताना आत जिवंत काही आहे का बघा, गळ अडकलेले असतात म्हणून जाड हातमोजे घाला. गोड्या पाण्यात चार दिवस भिजत ठेवा, रोज पाणी बदला, मग उन्हात. वाळूत खोल रुतलेलं एकटीने ओढू नका.

दोरा कुठला चांगला?

झालरीसाठी सुती दोरा, कारण तो ताठ राहतो. मऊ, लोंबणाऱ्या गोष्टींसाठी खरी लोकर. बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक असतं, म्हणजे प्लास्टिक. धुताना त्याचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात आणि ते पाणी शेवटी कुठे जातं हे सांगायला नको. समुद्रावर प्रेम म्हणून केलेलं काम समुद्रालाच नको व्हावं, म्हणून घरात साठलेलं ॲक्रिलिक मी संपवते, पण न धुण्याच्या, भिंतीवरच्या कामात. नवं आणत नाही.

खडकासाठी काथ्यासारखं दुसरं काही नाही. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजवून काढलेला हा धागा; खारं पाणी त्याला बाधत नाही. मोठी सुई लागते, बोटं सोलतात, पण सुंभाचा पीळ असा की विणलेला आकार धरून ठेवतो. अंबाडी, घायपातही चालतं.

क्रोशा येत नाही, फक्त शिवणकाम येतं. चालेल?

धावदोरा येतो ना? जपानमधल्या शेतकरी-कोळी घरांतून साशिको नावाचं काम आलं, तो धावदोराच आहे. निळीत रंगवलेले कपडे ऊब यावी आणि टिकावेत म्हणून थर लावून शिवलेले. त्यांचा एक नमुना सेइगाइहा, एकावर एक चढवलेल्या अर्धगोलांच्या लाटा. पण तो उचलण्यापेक्षा ओहोटीनंतर वाळूवर उरलेल्या लहरी बघा: कुठे दोन लहरी एक होतात, कुठे एक मध्येच संपते. जुन्या लुगड्याच्या गोधडीवर त्या तशाच घाला.

समुद्राकाठचे लोक पूर्वीपासून असं काही विणत आले आहेत का?

ब्रिटनच्या मच्छीमारांचे घट्ट विणीचे लोकरी अंगरखे आहेत, दोर, शिडी, नांगर, माशाचे काटे अशा नमुन्यांचे. बुडालेल्या माणसाची ओळख पटावी म्हणून घराण्यागणिक वीण ठरलेली असे, ही गोष्ट आयर्लंडच्या अरन बेटांबद्दल हमखास सांगतात. ती खरी नाही, पुढे पसरलेली दंतकथा आहे. वीण घट्ट असे ती वारा आणि पाणी आत येऊ नये म्हणून, आणि मला हे कारण पुरेसं सुंदर वाटतं.

इटलीत सार्डिनियाजवळ सांतांतिओको बेटावर समुद्री रेशमाची परंपरा आहे. एक मोठा शिंपला स्वतःला तळाशी धरून ठेवायला तंतू काढतो, ते विंचरून कातत. उन्हात सोन्यासारखे दिसतात. आता तो शिंपला संरक्षित आहे, आणि २०१६ पासून एका परजीवीमुळे भूमध्य समुद्रात त्याच्या वसाहतीच्या वसाहती मेल्या आहेत. हा धागा आता पाहायचाच आहे, हाताळायचा नाही.

मुलांना शिकवू का?

हो. सुई आठ-नऊ वर्षांनंतर. त्याआधी नुसत्या बोटांनी साखळी घालू द्या, पाच-सहा हात लांब, आणि ती वाळूवर ठेवून पाणी कुठवर आलं होतं ती रेघ जुळवू द्या.

विकायची किंमत कशी ठरवू?

तास मोजा आणि लिहून ठेवा. दोरा अधिक तास. ‘हौसेचं काम’ म्हणून तास सोडून देऊ नका. दुसरीच्या कामाची नक्कल विकू नका.

कोकणातल्या पावसाळ्यात हे टिकवायचं कसं?

तीन शत्रू: बुरशी, कसर, गंज. झालर ताठ राहावी म्हणून साबुदाण्याची खळ केलीत तर जूनच्या आधी धुऊन काढा. खळीला बुरशी लगेच धरते आणि झुरळंही येतात. दिवाळीनंतर पुन्हा करा. आत तार घालायची असेल तर लोखंडी नको, तांब्याची घ्या, नाहीतर तपकिरी डाग बाहेर येतात आणि जात नाहीत. माझं एक मोठं काम असंच गेलं. लोकरीचं काम प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नका. जुन्या सुती साडीत गुंडाळून, सुका कडुनिंब घालून ठेवा आणि ऊन पडेल त्या दिवशी उघडा. समुद्रावरून आणलेली कुठलीही वस्तू गोड्या पाण्यात मुरवल्याशिवाय कामात घालू नका, कारण मीठ हवेतलं पाणी ओढत राहतं आणि काम कधीच कोरडं होत नाही.

काम पूर्ण झालं हे कसं ओळखायचं?

रुमाल संपतो, मोजा संपतो. झालर संपत नाही. दर ओळीला टाके वाढतच जातात आणि एक ओळ आठवडाभर चालते. मी शेवटचा फास लगेच ओढून बंद करत नाही. सेफ्टी पिनला अडकवून ठेवते आणि पुढच्या ओहोटीला काम घेऊन जाते. ज्या खडकापाशी सुरुवात केली होती तिथे बसून दोन्हींकडे आळीपाळीने बघते. कधी दोरा तोडते. बऱ्याच वेळा पिन काढून तिथेच पुढची ओळ सुरू करते, पाणी पायाशी येईपर्यंत.